इंजिन बसलं! दुरुस्त करायचं की गाडी सोडायची?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मोताळ्याहून बुलढाण्याला निघालेल्या माझ्या मोठ्या काकांच्या गाडीचा टेम्परेचरचा काटा राजूर घाटाच्या पहिल्या दोन-तीन वळणांतच लाल रेषेकडे सरकायला लागला. मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "थांबा ना जरा." काका म्हणाले, "वर पोचू दे, मंग पाहू."

वर पोचलेच नाहीत. बॉनेटमधून वाफ, खालून पाणी, मग एक खडखडाट आणि इंजिन बंद. एका ओळखीच्या पिकअपला टोचन करून गाडी उलट्या दिशेने मलकापूरला नेली. मिस्त्रीने किल्ली फिरवून पाहिली, ऑइलची कांडी बाहेर काढली आणि तिच्यावरचं चहासारखं झालेलं ऑइल काकांना दाखवलं. "काका, इंजिन बसलं. फुल काम करा लागते. पंच्याऐंशी हजार धरून चाला."

गाडी यंदाच्या होळीला २ लाख ६० हजारांना घेतलेली. सेकंडहँड, डिझेल, २०१६ चं मॉडेल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेलच की दोष कंपनीचा नव्हता. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांनी धरलं तर ८५ हजार म्हणजे सोळा क्विंटल सोयाबीन. आणि हमीभावाने सोयाबीन विकायला मिळालं तर! बाजार समितीतला भाव त्या हंगामात त्याच्या किती खाली होता, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

रात्री काकांचा फोन आला. घरात एकटी मीच 'मास कॉम' करते, म्हणजे मला सगळं गुगल करता येतं असा त्यांचा समज. "आता काय करावं मंग, बाई?"

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात बऱ्याच घरांत कधी ना कधी येतो. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर तुम्हालाही असा फोन येऊ शकतो. म्हणून काकांच्या परवानगीने त्यांचा हिशेब इथे मांडतेय.

आधी नेमकं काय झालं ते. रेडिएटरला जाणारा एक रबरी पाइप चिरला होता. काहीशे रुपयांची वस्तू. त्यातून कूलंट गळून गेलं, घाटात इंजिन तापलं, हेडचं गॅस्केट फुटलं, हेड वाकलं, पाणी ऑइलमध्ये मिसळलं. ऑइलमध्ये पाणी आलं की बेअरिंगला वंगण मिळत नाही, धातूवर धातू घासतो. काटा वर गेला त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन बंद केली असती, तर पाइप आणि फार तर गॅस्केट एवढ्यावर निभावलं असतं. शेवटच्या दोन किलोमीटरनेच इंजिन खाल्लं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

गॅरेजमध्ये जमलेल्या मंडळींचं निदान मात्र वेगळंच होतं. "हे सगळं त्या इथेनॉलनं होतं." मी म्हटलं, गाडी डिझेल आहे. दोन मिनिटं शांतता. मग एक जण म्हणाला, "तरी बी."

हसण्यावारी नेऊ नका. इ-२० पेट्रोलची भीती खरी आहे आणि ती आता प्रत्येक बिघाडाला चिकटते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण असं होतं: इ-१० साठी बनवून इ-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांचं मायलेज १ ते २ टक्क्यांनी कमी होतं, इतरांचं साधारण ३ ते ६ टक्क्यांनी. आणि काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावी लागू शकतात, हेही त्यांनीच सांगितलं. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने इ-२० विरोधातली याचिका फेटाळली. म्हणजे जुनी पेट्रोल गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या तपासून घ्याच. पण न तपासता "इथेनॉलच" म्हणून मोकळं झालात, तर खरं कारण तसंच राहतं आणि नव्याने बांधलेलं इंजिनही त्याच कारणाने जातं.

घाटाइतकीच दुसरी जागा म्हणजे समृद्धी महामार्ग. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर ते आमणे असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. गावात पन्नास-साठच्या वेगाने वर्षानुवर्षं चाललेली गाडी आपण मेहकरला किंवा सिंदखेडराजाला वर चढवतो आणि दोन तास १२० वर पळवतो. टायरबद्दल आता लोक बोलायला लागलेत. रेडिएटर, कूलंट, फॅन बेल्ट यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता पैशांकडे. काकांच्या हातात चोवीस तासांत तीन आकडे आले. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये १ लाख ६५ हजार. मलकापूरच्या मिस्त्रीकडे इंजिन बांधायला ८५ हजार. आणि भंगारात निघालेल्या गाडीचं जुनं इंजिन आणून बसवायला ६० हजार. चौथा आकडा एका ओळखीच्या एजंटचा, "बंद गाडी आहे तशी द्या, ८० हजार देतो."

काकांचा पहिला युक्तिवाद सगळ्यांच्या काकांचा असतो तोच. "आत्ताच चार टायर टाकले, क्लचप्लेट टाकली, बावीस हजार गेले. आता कशी सोडू?" मला वाटतं, सगळ्यात जास्त पैसे या एका वाक्यात बुडतात. ते बावीस हजार गेले. गाडी विकली तरी गेले, ठेवली तरी गेले. त्यांचा उपयोग एवढाच की चालू गाडीचा भाव त्यामुळे थोडा चांगला येईल किंवा पुढची काही वर्षं ते खर्च पुन्हा येणार नाहीत. २ लाख ६० हजारांना घेतली होती, हाही आकडा आता विसरायचा.

विचारायचं ते वेगळंच. बंद गाडीचे आज किती मिळतात? चालू झाली तर किती मिळतील? आणि या दोघांमधल्या फरकापेक्षा दुरुस्ती स्वस्त आहे का?

बुलढाणा आणि चिखलीत याच मॉडेलच्या, याच वर्षाच्या चालू गाड्यांचे भाव विचारले. मागतात २ लाख ३० हजार, सौदा होतो २ लाख १० च्या आसपास. म्हणजे दुरुस्तीने गाडीची किंमत ८० हजारांवरून २ लाख १० हजारांवर जाते, १ लाख ३० हजारांनी वाढते. अधिकृत वर्कशॉपचे १ लाख ६५ हजार घातले तर सरळ ३५ हजारांचा तोटा. तो पर्याय तिथेच संपला. मिस्त्रीचे ८५ हजार परवडतात असं दिसलं.

"दिसलं" म्हणतेय, कारण इंजिन खोलायच्या आधी सांगितलेला आकडा हा अंदाज असतो. खोलल्यावर कळलं की हेड लेथवर घासून सरळ होण्यापलीकडे गेलंय, दुसरं टाकावं लागेल. वॉटर पंपही गेलेला. ८५ चे १ लाख ५ हजार झाले. म्हणून माझा सल्ला विचाराल, तर आधी फक्त तपासणीचे पैसे द्या. कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा, हेड उतरवून बोअर डोळ्यांनी बघा, आणि मगच "काम चालू करा" म्हणा. निम्मं इंजिन टेबलावर पडलेलं असताना आपल्याला घासाघीस करता येत नाही. आणि आकड्यावर पाव भाग जास्तीचा धरूनच बसा.

साठ हजारांचं जुनं इंजिन मग बरं नाही का? कागदावर बरं आहे. त्यातही एखादं इंजिन पुष्कळ गाड्यांत वापरलेलं असेल तर माल सहज मिळतो. रांजणगावच्या कारखान्यात बनणारं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण त्या जातीच्या इंजिनाचे सुटे भाग आणि ते काम येणारे मिस्त्री आजही तालुक्याच्या गावी सापडतात. अडचण दुसरीकडे आहे. भंगारातलं इंजिन किती चाललंय, ते कुणी सांगू शकत नाही. शिवाय इंजिन बदललं की त्याचा नंबर बदलतो, आणि तो आरटीओत कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. त्या इंजिनाचं बिल, मूळ गाडीचे कागद नसतील तर ते चोरीच्या गाडीचं नाही हे तुम्ही सिद्ध कसं करणार? नंबर न चढवता गाडी चालवणारे असतात. अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिन नंबर पडताळला, की मग कळतं.

विम्याचं विचारलंच तर, साधं फुल इन्शुरन्स असलं तरी असा यांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाची जोड असते, ती पाणी शिरल्याने किंवा ऑइल गळल्याने झालेल्या नुकसानीसाठी, आणि कंपन्या ती बहुतेक नव्या गाड्यांनाच देतात. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोदमध्ये पूर आला तसं पाणी कधी गाडीत शिरलंच, तर तिथे किल्ली फिरवू नका, ढकलत बाहेर काढा. इंजिनाने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता यात २०२५ ची मोठी बातमी मिसळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्के झाला. मारुतीच्या एस-प्रेसोची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ४९ हजार ९०० वर आली, अल्टो के-१० ची ३ लाख ६९ हजार ९०० वर. शोरूमपुढच्या रांगांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण नवी गाडी लाखाने स्वस्त झाली, की जुन्या गाडीला आधीचा भाव कोण देणार? एजंट लोक सांगतात की दसऱ्यापासून जुन्याचे भाव बसलेत. २ लाख १० हा आकडा त्यामुळेच आलाय. २८ टक्क्यांच्या यादीतले सुटे भागही १८ वर आले, तो थोडा दिलासा. पण इंजिनकामात निम्मा खर्च मजुरीचा आणि लेथचा असतो. एकूण बघितलं तर करकपातीने जुनी गाडी दुरुस्त करणं आधीपेक्षा कमी परवडणारं झालंय, आणि हे अजून फारसं कुणी बोलत नाही.

मग नवीनच का नको? हा प्रश्न घरात माझ्या चुलतभावाने उचलला, डोळ्यांत चमक आणून. हिशेब केला. बंद गाडीचे ८० हजार आणि दुरुस्तीचे वाचलेले १ लाख ५ हजार, झाले १ लाख ८५ हजार. सगळ्यात स्वस्त नवी गाडी टॅक्स, विमा धरून रस्त्यावर यायला चार लाखांच्या पुढे. उरलेल्या सव्वादोन लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याला साधारण ४,७०० रुपये हप्ता. ज्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, त्या घरात दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जायचा. चमक गेली.

इथपर्यंत गोष्ट नुसत्या बेरीज-वजाबाकीची होती. मग मिस्त्रीने बोअर दाखवला आणि म्हणाला, "बहात्तर हजार चाललेलं इंजिन असं नसतं."

घेताना मीटर ७२ हजार दाखवत होतं. गाडी दिल्लीची. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. २०२५ च्या जुलैत अशा गाड्यांना इंधन न देण्याचा निर्णय झाला, काही दिवसांत थांबला. ऑगस्टमध्ये कोर्टाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका म्हटलं. या सगळ्या गोंधळात आठ-नऊ वर्षांची गाडी तिथे पडत्या भावात निघते आणि एनओसी घेऊन आपल्याकडे येते. आपल्याकडे तिचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांपर्यंत चालतं. यात बेकायदा काही नाही. पण हजारभर किलोमीटरवरून आलेल्या गाडीचा इतिहास इथे कुणाला माहीत नसतो, आणि मीटर मागे फिरवणाऱ्याला तेवढंच पुरतं.

गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पाहिलं. २०२२ मध्येच १ लाख १८ हजार किलोमीटरची नोंद होती. म्हणजे निदान ४६ हजार किलोमीटर कुणीतरी पुसले होते. हे पाहायला मला एक दिवस लागला. होळीच्या आधी पाहिलं असतं तर? काकांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ज्या एजंटने गाडी दिली, त्याच्यावर काय करता येईल? १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे की जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यायचं, ताब्यात आलेल्या गाडीची नोंद कळवायची. असा डीलर कागदावर असता तर जबाबदारी त्याच्यावर आली असती. काकांच्या फॉर्म २९ आणि ३० वर मात्र दिल्लीच्या मूळ मालकाची सही आणि खाली काकांची. एजंट कुठेच नाही. कागदावर हा दोन खासगी माणसांमधला व्यवहार, आणि अशा व्यवहाराला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही, कारण त्यासाठी समोर व्यापारी किंवा सेवा देणारा लागतो. "कागदपत्र मी बघून घेतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका," हे एजंटचं वाक्य काकांना तेव्हा आपुलकीचं वाटलं होतं.

एक धागा हातात आहे. २० हजारांचा इसार काकांनी यूपीआयने थेट एजंटच्या खात्यात टाकला होता, आणि गाडीच्या फोटोंसोबत "७२ के, जेन्युइन" असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. तो दलाली घेऊन गाड्या विकतो हे यातून दाखवता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 'ई-जागृती' पोर्टलवर ती ऑनलाइनही भरता येते. आधी १९१५ वर बोलता येतं. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे ते वेगळंच. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. मी तक्रारीचा मसुदा करून ठेवलाय, काका अजून "ओळखीतला माणूस आहे" म्हणतात.

पण मीटरच्या या शोधाने आमचा सगळा हिशेब उलटा झाला. २ लाख १० हजार ही ७२ हजार चाललेल्या गाडीची किंमत होती. दीड लाखाच्या पुढे चाललेली गाडी, असं सांगून विकायची तर १ लाख ६० हजारांच्या वर कुणी देणार नाही. म्हणजे १ लाख ५ हजार खर्च करून किंमत वाढणार ८० हजारांनी. २५ हजारांचा तोटा. हाच खर्च करून, मीटरबद्दल गप्प राहून विकली, तर २५ हजारांचा फायदा. चुलतभाऊ म्हणाला, "आपल्याला पण तसंच दिली ना?" खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही, कारण पन्नास हजारांचा फरक होता आणि पैसे माझे नव्हते.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "इकायचीच काऊन पन? वापरू."

आणि तिथे गणित पुन्हा बदललं. विकायचीच नसेल, तर बाजारभाव फारसा महत्त्वाचा राहत नाही. रजिस्ट्रेशन २०३१ पर्यंत आहे. पाच वर्षं वापरली, तर १ लाख ५ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, नव्या गाडीच्या हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि टायर, क्लच, इंजिन काय अवस्थेत आहे हे आम्हाला ठाऊक असलेली गाडी. त्या बावीस हजारांचाही इथे उपयोग झाला म्हणायचा. ८० हजारांत बंद गाडी देऊन दुसरी सेकंडहँड शोधायची, तर पुन्हा कुणाचं तरी मीटर, कुणाचा तरी व्हॉट्सॲप मेसेज.

यात धोका नाही असं नाही. बांधलेलं इंजिन नीट बसलं नाही तर लाखभर रुपये पाण्यात. म्हणून मिस्त्रीकडून पक्कं बिल घ्यायचं ठरवलं, कोणते भाग टाकले त्याची यादी आणि सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून. त्याला आधी ते आवडलं नाही. "काका, विश्वास नाही का?" काका माझ्याकडे बघून म्हणाले, "माहा आहे. हिचा नाही." निघालेले जुने भाग पोत्यात भरून घरी आणले. पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवायची, मग ऑइल बदलायचं. रेडिएटरचे सगळे पाइप नवीन.

गाडी परवा घरी आली. काकांनी मला परमनंट मार्कर मागितला, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि मीटरच्या काचेखाली लावला. त्यावर माझ्याकडून लिहून घेतलं: "+ ४६,००० (निदान)".